पट्टीआत्याची लाल पेन्सिल

पट्टीआत्या पहिल्यांदा आमच्या घरी आली ती सासूबाईंच्या टाचेसाठी. खुब्याचं हाड मोडून सासूबाई तीन महिने पलंगावर होत्या, आणि पडून पडून डाव्या टाचेला जखम झाली होती. डॉक्टरांनी मलम लिहून दिलं, मी ते नेमाने लावत होते, आणि जखम नेमाने वाढत होती. शेवटी आमच्या लॉन्ड्रीवाल्याने हिचं नाव सांगितलं.

ती आली, हात कोपरापर्यंत धुतले, आणि कोणाशी काही न बोलता आधी पायाकडचं पांघरूण वर केलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सूनबाई, मलम चांगलं आहे. पण टाच गादीला टेकलेलीच आहे की." पोटरीखाली एक उशी सरकवली आणि टाच अधांतरी ठेवली. झालं. मी विज्ञान शाखेची पदवीधर. तीन महिन्यांत मला ते सुचलं नव्हतं.

सहाव्या आठवड्यात टाचेवर नवी गुलाबी कातडी आली. त्या दिवशी आत्याने पिशवीतून एक लांबट, पुठ्ठ्याची वही काढली. वहीला पट्टीच्या चिंधीने एक लाल पेन्सिल बांधलेली होती. सासूबाईंचं नाव असलेलं पान उघडून तिने पेन्सिल त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं, की आता तुमच्या नावावर रेघ मारा. सासूबाई म्हणाल्या, "मी कशाला, तूच मार." आत्या म्हणाली, "पाय कोणाचा? मग रेघ कोणी मारायची?" सासूबाईंनी इतकी दाबून रेघ मारली, की खालच्या पानावर वळ उठला. पडल्यापासून त्या पहिल्यांदा हसलेल्या मी पाहिल्या.

तिला सगळेच अगं-तुगं करायचे, महिन्याभरात मीही करू लागले. ती मला शेवटपर्यंत सूनबाई आणि तुम्हीच म्हणत राहिली.

सव्वीस वर्षं ती सरकारी इस्पितळात ड्रेसिंगच्या खोलीत मदतनीस होती. कागदावर तिचं काम बादल्या उचलण्याचं आणि लादी पुसण्याचं. प्रत्यक्षात नवे डॉक्टर पट्टी बांधायला तिच्याकडून शिकत आणि शिकले की तिला चहा आणायला पाठवत. हे ती हसत सांगायची, पण प्रत्येक डॉक्टरची गाठ कशी सैल सुटायची तेही त्यासोबत सांगायची. निवृत्त झाल्यावर तिने लॉन्ड्रीच्या मागची एक खोली घेतली. पूर्वी तिथे कोळसा ठेवत. भिंती तिने तीनदा रंगवल्या तरी पावसाळी हवेत काळे डाग वर यायचेच. एक बाक, दोन घमेली, एक उंच स्टूल, आणि दोरीवर वाळत घातलेल्या उकळलेल्या पट्ट्या. गरम पाणी लॉन्ड्रीवाल्याच्या बॉयलरमधून यायचं. तो कुरकुर करायचा आणि बादली भरून ठेवायचा.

खोलीसमोरून भंगाराची गल्ली जायची आणि तिच्या टोकाला नाल्याकाठची वस्ती. काचेने कापलेले, खिळा गेलेले, गटारात उतरून बोटांच्या बेचक्या सडलेले पाय सकाळपासून तिच्या बाकावर यायचे. साखरेच्या आजाराचे पाय वेगळे. त्यांना दुखतच नाही. "रडणाऱ्या पायाची मला काळजी नाही," ती म्हणायची, "गप्प पायाची आहे."

तिच्या गप्प पायांतला सगळ्यात लाडका पाय धारवाल्याचा. हा उंच, वाळकुडा माणूस खांद्यावर चाक घेऊन गल्लोगल्ली फिरायचा आणि चाकू-कात्र्यांना धार लावायचा. चाक पायानेच फिरवायचं, उजव्या. त्याच उजव्या पायाच्या तळव्याला रुपयाएवढा खड्डा पडला होता. दर मंगळवारी तो यायचा, आत्याची कात्री परजून द्यायचा आणि मग पाय पुढे करायचा. आत्या म्हणायची, "डावा पाय वापर की चाकाला." तो म्हणायचा, "डाव्याला अक्कल नाही, आत्या." दोन वर्षं हेच. खड्डा भरत आला की तो पुन्हा दहा गल्ल्या जास्त फिरायचा.

त्याला घर नव्हतं. वहीत नावासमोर पत्त्याचा रकाना होता, आणि तिथे आत्याने सात वारांचे सात रस्ते लिहून घेतले होते, आणि त्याखाली बारीक अक्षरात, आजारी पडला तर कोणाकडे. एक भाची होती, शहराच्या दुसऱ्या टोकाला. असं तिने प्रत्येकाचं लिहिलेलं. ती वही म्हणजे तिच्या दवाखान्याची अर्धी यंत्रणा होती, आणि रेघ हा तिचा पगार.

मग मी मध्ये पडले.

वर्तमानपत्रात वाचलं, की एक मोठं फाउंडेशन उपेक्षित वस्त्यांत काम करणाऱ्या लहान संस्थांना निधी देणार आहे. मला वाटलं, हे आत्यासाठीच छापलंय. संस्था नव्हती, ती आम्ही काढली. आमच्या गल्लीतले निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सगळे गुरुजी म्हणतात, ते अध्यक्ष झाले. मी सचिव. लॉन्ड्रीवाला सभासद झाला आणि पहिल्याच सभेत विचारता झाला, की बॉयलरचं पाणी आता संस्थेचं समजायचं की त्याचं. आत्याला आम्ही संस्थापक लिहिलं. ती म्हणाली, तसं काही नको, हात धुवायला साबण द्या.

अर्ज एकोणीस पानांचा होता. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही दोघी बसायचो, मी प्रश्न वाचायचे आणि ती शेंगा सोलायची. एक प्रश्न होता: पुढच्या पाच वर्षांत तुमच्या कामाचा विस्तार कसा होईल?

आत्या म्हणाली, "पाच वर्षांत माझी खोली बंद पडली पाहिजे."

मी हसले आणि लिहिलं: पाच वर्षांत पाच वस्त्यांत पाच केंद्रं.

खोटं लिहितेय असं तेव्हा वाटलं नाही. अर्जाची एक भाषा असते आणि ती मला येते याचा थोडा तोराच होता. निधी मंजूर झाला तेव्हा घरात सगळ्यांनी माझंच कौतुक केलं. मीही ते करून घेतलं.

पहिलं वर्ष सोन्यासारखं गेलं. भांडी निर्जंतुक करायचं यंत्र आलं, आठवड्यातून दोन दिवस एक शिकलेली नर्स येऊ लागली, खोलीत नळ आला. आणि आत्याने हट्टाने एक गोष्ट मागून घेतली: गमबूट. गटारात उतरणाऱ्या प्रत्येकाच्या मापाचे. पाय मोजायला ती स्वतः कागद घेऊन वस्तीत फिरली. एकाने बूट विकले, तर त्याच्या बायकोसमोर त्याची अशी खरडपट्टी काढली, की तो संध्याकाळी ते परत घेऊन आला.

व्हायचं तेच झालं. जखमा कमी झाल्या. वर्ष सरत आलं तेव्हा बाकावर गर्दी नसायची. वहीची पानं लाल रेघांनी भरली होती. मी अहवालासाठी मोजले तर रेघ नसलेली, म्हणजे अजून उपचार चालू असलेली नावं फक्त तेवीस.

आणि करारात, माझ्याच हाताने, मी लिहून दिलं होतं: वर्षाअखेर किमान शंभर सक्रिय लाभार्थी. त्यापेक्षा कमी असतील तर दुसऱ्या वर्षाच्या निधीचा विचार होणार नाही.

मी फाउंडेशनला फोन केला. तिथल्या मॅडम, ज्या आमचं काम बघायच्या, तिशीच्या, मऊ आवाजाच्या. मी सांगितलं, की माणसं बरी झाली म्हणून आकडा खाली आला. त्या म्हणाल्या, खूप छान, पण ते यशोगाथेत लिहा, आकड्याच्या रकान्यात आकडाच लागेल. त्यांचंही खरं होतं. रकाना त्यांनी केलेला नव्हता.

त्या दुपारी मी खोलीवर गेले. आत्या पट्ट्या गुंडाळत होती. मी म्हटलं, आत्या, वर्ष संपेपर्यंत रेघा मारू नकोस. आणि गेल्या चार महिन्यांची पानं मी नव्या वहीत उतरवून देते, रेघांशिवाय.

ती गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "बऱ्या पायाला जखम लिहायची?"

"जखम कुठे लिहायची आहे? फक्त रेघ मारायची नाही. खोली चालू राहायला हवी ना?"

"खोली कोणासाठी चालू ठेवायची, सूनबाई?"

"धारवाल्यासाठी," मी म्हटलं. ते उत्तर माझ्याकडे तयार होतं. त्याचा खड्डा त्या महिन्यात पुन्हा खोल झाला होता आणि नर्स नसती तर काही खरं नव्हतं. आत्याने पट्टीचं टोक दातात धरलं, गाठ मारली आणि लाल पेन्सिल वहीपासून सोडून फडताळावर ठेवली. एवढंच तिचं हो.

मी तीन दिवस बसून वही उतरवली. माझं अक्षर चांगलं आहे. एकशे चार नावं झाली. धारवाला एक्क्याण्णवावा.

आम्हाला वाटलं, प्रश्न मिटला. वस्तीला मात्र तो कळलाच नव्हता. रेघ मारणं हा त्यांच्या लेखी मान होता. ज्यांना सही येत नव्हती तेही रेघ मात्र ऐटीत मारायचे. एक भंगारवाली तर नवऱ्याला आणि जावेला घेऊन आली होती रेघ मारायला. आता बरे झालेले लोक बाकासमोर उभे राहायचे, पेन्सिल मागायचे, आणि आत्या म्हणायची, नंतर. का नंतर, ते ती सांगायची नाही. खोटं तिला बोलता येत नसे, म्हणून ती चिडायची. लोक म्हणू लागले, फाउंडेशनचा पैसा आला आणि आत्याचा स्वभाव बिघडला.

अहवाल गेला. दहा दिवसांनी मॅडम पाहणीला आल्या. यादीतली कोणतीही बारा नावं निवडून प्रत्यक्ष भेटायचं, असा त्यांचा नियम होता. आम्हाला तो माहीत असायला हवा होता. अर्जाच्या अठराव्या पानावर होता.

मी त्यांच्याबरोबर वस्तीत गेले. पहिलंच नाव एका गटार साफ करणाऱ्याचं. तो दारात बसून दाढी करत होता. मॅडमनी विचारलं, उपचार कसे चाललेत? त्याने दोन्ही पाय पुढे केले, एक एक बोट फाकवून दाखवलं. म्हणाला, "उपचार कसले आता? बघा, लोण्यासारखे पाय आहेत. महिना होऊन गेला. पण आत्या रेघ मारू देत नाही. तुम्ही मोठ्या ऑफिसातून आलात ना? सांगा की तिला."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या यादीकडे पाहिलं.

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी भंगारवालीच्या जावेने चहा केला आणि टाच उजेडात धरून दाखवली. एव्हाना बातमी पुढे गेली होती. लोक आपणहून दारात येत होते, पायजमे घोट्यावर ओढून, साड्या वर धरून. नाव यादीत निघो न निघो, बरे झालेले पाय दाखवत होते. आमचाही बघा, आमचाही. आत्याने केलाय. तिच्यावरचा एवढा जीव मी पुन्हा कधी पाहिला नाही. प्रत्येक पाय मॅडमच्या वहीत तिच्याविरुद्ध एक खूण होत होता, आणि त्या लोकांना वाटत होतं, आपण तिची शिफारस करतोय.

दुसऱ्या दिवशी खोलीतच सभा झाली. मॅडम बाकावर बसल्या होत्या. त्यांना राग आलेला नव्हता, वाईट वाटलं होतं, आणि ते जास्त अवघड होतं. त्यांनी विचारलं, "बरे झालेले लोक चालू उपचारांत दाखवायचे, हा निर्णय कोणाचा?"

गुरुजी खिडकीतून बॉयलरचा धूर बघू लागले. लॉन्ड्रीवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. माझ्या मनात नवरा आला, त्याचं ऑफिस आलं, मुलीच्या शाळेतले पालक आले, ज्यांच्यात मी सचिव म्हणून मिरवत होते. मी बोलणार होते. आजही मला वाटतं, की मी बोलणारच होते.

आत्या म्हणाली, "वही माझी आहे."

मॅडम म्हणाल्या, "अक्षर तुमचं नाही, आजी."

"मला लिहायला वेळ नसतो. मी सांगितलं, त्यांनी लिहिलं."

मी ते सभेच्या इतिवृत्तात लिहून घेतलं.

निधी थांबला. पत्रात 'गंभीर अनियमितता' असा शब्द होता. चौकशी पूर्ण होईपर्यंत दोन्ही वह्या, जुनी आणि नवी, फाउंडेशनने नेल्या. संस्थेचं नाव खराब नको म्हणून गुरुजींनी खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. रुग्णांची अडचण होऊ नये म्हणून मॅडमनीच दुसऱ्या एका संस्थेची फिरती गाडी ठरवली. त्यांचं मन चांगलं होतं, हे मी पुन्हा लिहिते.

गाडीतल्या नर्सला माझ्या सुंदर अक्षरातली यादी मिळाली. एकशे चार नावं, आणि कोणता पाय उघडा आहे, कोणता मिटला, याची त्यात एकही खूण नाही. ती बिचारी एकपासून सुरू झाली. दार ठोठावायची, चांगला पाय बघायची, पुढे जायची. चाळिसाव्या नावानंतर तिने लिहिलं, लाभार्थी आढळत नाहीत. गाडी दुसऱ्या वस्तीकडे गेली.

धारवाला तीन मंगळवार कुलूप बघून परत गेला. हे लॉन्ड्रीवाल्याने नंतर सांगितलं. तिसऱ्या वेळी त्याने आत्याची कात्री मागितली होती, म्हणाला, निदान तेवढी परजून ठेवतो. कात्री आत, कुलपाच्या मागे.

आत्या बसून राहिली नव्हती. पिशवी घेऊन दारोदार जाऊन तिने तेवीसपैकी एकवीस पाय शोधले. बाविसावी माहेरी गेली होती, ती चार दिवसांत परतली. राहिला धारवाला. त्याचे सातही रस्ते आत्याला पाठ होते. ती सात दिवस सात रस्त्यांवर उभी राहिली. तो कुठेच नव्हता. म्हणजे तो आजारी होता. आजारी पडला तर भाचीकडे, आणि भाचीचा पत्ता वहीत.

ती माझ्याकडे आली. दारातच उभी राहिली. "सूनबाई, तुमचं लिहिणं चांगलं आहे. वही मागा. एक पान बघू दिलं तरी चालेल."

मी फोन केला तर उत्तर मिळालं, की कागद चौकशी समितीकडे आहेत, सचिवांनी लेखी अर्ज करावा. मी त्याच दिवशी केला. अर्जात मी सगळं लिहिलं, रुग्णाची प्रकृती, निकड, नियमाचा क्रमांकसुद्धा. एकच गोष्ट लिहिली नाही. ती लिहिली असती तर चौकशीसाठी काही उरलंच नसतं आणि वही दुसऱ्या दिवशी परत आली असती. हे मला लिहितानाच कळत होतं.

वही एकोणीस दिवसांनी आली, प्रत्येक पानावर शिक्का मारून.

भाचीच्या घरी आम्ही दोघी गेलो तेव्हा धारवाला इस्पितळातून परत येऊन दोन दिवस झाले होते. उजवा पाय गुडघ्याखाली चार बोटांवर कापला होता. दुखत नव्हतं म्हणून तो तापातही चार दिवस फिरला होता, मग पडला. भाची म्हणाली, "आम्ही वाट बघत होतो. मामा म्हणायचे, आत्याकडे पत्ता आहे, ती येईल."

चाक कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलं होतं, पट्टा सैल सोडून.

आत्याने हात धुतले. पट्टी सोडली, बघितलं, म्हणाली, "टाके बरे घातलेत." त्यापुढे दोन महिने ती एक दिवसाआड तिकडे जात होती, दोन बस बदलून. खोलीचं कुलूप तोवर निघालं होतं, पण खोली आता लॉन्ड्रीवाल्याने कपड्यांच्या गठ्ठ्यांना दिली होती. चौकशीत संस्थापकांवर ठपका आला. सचिवांना समज देण्यात आली, की यापुढे अहवाल लिहिताना काळजी घ्यावी.

शेवटच्या दिवशी मी आत्याबरोबर गेले होते. जखम स्वच्छ मिटली होती. तिने पिशवीतून जुनी वही काढली, पुन्हा चिंधीने बांधलेली पेन्सिल सोडवली आणि त्याचं पान उघडलं. सात रस्ते, भाचीचा पत्ता, निळा शिक्का. धारवाल्याने पानाकडे पाहिलं, मग आपल्या दुमडून पिन लावलेल्या पायजम्याकडे.

"पाय ज्याचा त्याने रेघ मारायची ना, आत्या?" तो म्हणाला. "मग मी कशी मारू?"

आवाजात कडवटपणा नव्हता, तो खरंच विचारत होता. आत्याने वही माझ्यापुढे केली.

"सूनबाई, ही तुम्ही मारा."

मी पेन्सिल हातात घेतली. टोक मोडलेलं होतं. तेव्हा धारवाल्याने हात पुढे केला, माझ्या हातातून पेन्सिल घेतली, उशाखालचा चाकू काढून तिला अगदी बारीक टोक केलं, फुंकर मारली आणि मला परत दिली.